उघड्या डोळ्याचा ठसा

फार पूर्वी, राजांची नावं अजून कुणी लिहून ठेवत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. एका उंच खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव इतकं थंड, की तिथं माणसाला चेहऱ्यावरून कमी आणि डगल्यावरून जास्त ओळखत. डगला म्हणजे चामड्याचा, गुडघ्यापर्यंत येणारा जाड कोट. नवा घ्यायची ऐपत मोजक्यांची. बाकीचे बाजारातून जुना घेत, आणि जुना घ्यायचा म्हणजे आधी पारख्याला दाखवायचा.

हा पारखी भलता वाकबगार होता. डगला हातात आला की तो आधी हुंगायचा, मग वाकवून पाहायचा, मग उन्हात धरायचा.

"खांद्यावर फिका पडलाय, तो उन्हानं. त्याला भिऊ नका," तो सांगे. "गळ्याशी काळा झालाय, तो घाम. पण इथं कडक होऊन तडकलाय ना, म्हणजे भिजल्यावर चुलीपाशी वाळवलाय. हा घेऊ नका, हिवाळा काढायचा नाही."

त्याच्या कमरेला एक पांढरं फडकं खोचलेलं असे. ते ओलं करून शिवणीवर घासायचं, हा त्याचा पहिला नियम. फडकं काळं झालं, तर समजावं की झीज आणि डाग झाकायला वरून रंग फासलाय. रंग फासणाऱ्यांची तो भर बाजारात अब्रू काढी. आणि जो डगला सगळ्यातून पार पडे, त्याच्या गळपट्टीच्या आत तापल्या लोखंडानं ठसा उमटवी. ठशात एक उघडा डोळा होता. दूरदूरच्या बाजारांत लोक म्हणत, "डोळा आहे ना आत? मग बघायचं काम नाही."

एवढा मान मिळाला की माणूस थोडा फुगतोच. डगला कळला म्हणजे माणूस कळला, असं पारख्याला वाटू लागलं. गावालाही तसंच वाटू लागलं, आणि इथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

खिंडीच्या माथ्यावर एक दगडी खोली होती. खोलीपुढं मोठी घंटा. धुकं उतरलं की तिथल्या राखणदारानं घंटा वाजवत राहायची, म्हणजे वाटसरूंना वाट कुठं आणि कडा कुठं ते कळे. त्या वर्षी जुना राखणदार थकून खाली उतरला. हिवाळा तोंडावर आलेला. पाटलांनी चावडीवर माणसं बोलावली.

दोघंच आली. एक पाटलांचा मेहुणा. दुसरी एक परमुलखातली विधवा. तिनं आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याला पाठीवरच्या टोपलीत बसवून आणलं होतं, कारण त्याचे पाय गेले होते. टोपली भिंतीशी टेकवून ती पुढं आली.

"पाटील, ही जागा मला द्या," ती म्हणाली. "खोलीला छप्पर आहे. मामंजींना उघड्यावर हा हिवाळा निघायचा नाही. घंटा मी वाजवीन. मला तशीही झोप कमीच. त्यांचा खोकला ऐकत बसलेली असते."

पाटील पेचात पडले. एकीकडं मेहुणा, एकीकडं ही बाई. त्यांनी पारख्याकडं पाहिलं. "तुम्हीच सांगा. माणसं खोटं बोलतात, डगला बोलत नाही, असं म्हणता ना तुम्ही?"

मेहुण्याचा डगला कोराकरकरीत होता. बाईनं आपला उतरवून दिला आणि हात पोटाशी धरून थंडीत उभी राहिली.

पारख्यानं तो उलटसुलट केला. पाठ झिजून गुळगुळीत झालेली. दोन्ही कोपरं झिजलेली. डाव्या बाजूला दारूचा जुना तांबूस डाग. फडकं कमरेलाच होतं. पण सगळं गाव टक लावून बघत असताना ओलं फडकं घासत कोण बसतो? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"हा डगला भिंतीला टेकून झोपणाऱ्याचा आहे," तो म्हणाला. "आणि पिऊन झोपणाऱ्याचा."

"डगला मी जुना वापरते हो," बाई म्हणाली. "हे डाग माझे नाहीत."

"डाग कधी कुणाचे असतात का, बाई?" कुणीतरी मागून बोललं आणि चावडी हसली.

बाई हसली नाही, रडलीही नाही. तिनं डगला अंगात घातला, सासऱ्याची टोपली पाठीवर घेतली आणि ती निघून गेली. घंटा मेहुण्याला मिळाली. त्याच्या डगल्यावर एकही डाग नव्हता. असणार कुठून? त्यानं तो घालून आजवर काडीचं काम केलं नव्हतं. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

महिन्याभरानं पारखी पलीकडच्या बाजारातून परतत होता. संगती दोन खेचरं, त्यांच्यावर जुन्या डगल्यांची ओझी. खिंडीत शिरला आणि भर दुपारी दाट धुक्यात सापडला. स्वतःचा हात दिसेना. तो घंटेची वाट बघत थांबला. घंटा वाजली नाही. मेहुणेबुवा आपल्या बिनडागी डगल्यात गुरफटून घोरत पडले होते.

पारखी चाचपडत पुढं सरकला. खेचराच्या खुरानं एक धोंडा निसटला. तो पडल्याचा आवाज येईल म्हणून पारखी कान देऊन राहिला. आवाज आलाच नाही. तेव्हा त्याला कळलं की आपण कड्यावर उभे आहोत.

इतक्यात डावीकडून ठण् ठण् ऐकू आलं. घंटा नव्हे, कुणीतरी भांडं बडवत होतं. त्या आवाजाच्या मागं मागं, पाऊल पाऊल टाकत तो एका पडक्या मेंढवाड्याशी पोचला. अर्धं छप्पर खाली आलेलं. दारात ती बाई उभी होती, हातात पितळी परात आणि लाकडाचं दांडकं.

"खेचरांची घुंगरं कड्याकडं चालली होती," ती म्हणाली. "आत या. अंग गार पडलंय तुमचं." मग तिनं त्याला ओळखलं. तरीही तिनं आपला डगला काढून त्याच्या खांद्यावर टाकला.

कोपऱ्यात म्हातारा खोकत होता. "तीन दिवस धुकं आहे आणि तीन दिवस चाहूल लागेल तेव्हा पोर परात बडवतेय," तो म्हणाला. "वर घंटा वाजत नाही ना. हात सुजलेत तिचे. सात माणसं आली या दारातून, तुम्ही आठवे."

पारख्याला लाज अशी वाटली, की शेकोटीपाशी बसल्या बसल्या तिच्या हातांकडं बघवेना.

"डगला ऊबदार आहे हो," म्हातारा पुढं म्हणाला. "माझ्या लेकानं घेतला होता, खालच्या शहरात. शेवटचं त्यानं घरी आणलं ते हेच. म्हणाला, आत डोळ्याचा ठसा आहे, डोळे मिटून घेतला."

"तो ठसा मानेला टोचायचा," बाई म्हणाली. "म्हणून वरून चिंधी शिवली मी."

पारख्याचा हात गळपट्टीकडं गेला. त्यानं चिंधीचे टाके उसवले. आत उघडा डोळा होता. ठसा त्याचाच.

त्यानं कमरेचं फडकं काढलं, परातीत थोडं पाणी घेऊन त्यात बुडवलं आणि शिवणीवर घासलं. फडकं काळं झालं.

मग त्याला सगळं आठवलं. जकातनाक्यावर एक पहारेकरी होता, दारू पिऊन भिंतीला टेकून झोपणारा. त्याचा हा डगला पारख्यानं मातीमोल घेतला होता. हिरड्याच्या काळ्या पाण्यात काजळ खलून त्यानं स्वतः तो रंगवला, वर तेल चोळलं आणि ठसा मारला. एकदाच. पुन्हा असं केलं नव्हतं, म्हणून ते विसरणंही त्याला सोपं गेलं होतं. आता रंग उडाला होता आणि पहारेकऱ्याची झोप बाईच्या पाठीवर उमटली होती.

त्यानं डगला शेकोटीच्या उजेडात धरला. आता तो नीट पाहू लागला. रंगाखालची झीज त्या पहारेकऱ्याची. पण काही जागी रंगच झिजला होता. ती झीज बाईची. दोन्ही खांद्यांवर चार बोटं रुंद फिके पट्टे होते, टोपलीच्या पट्ट्यांचे. म्हाताऱ्याचं वजन घेऊन ती किती कोस चालली होती, ते तिथं लिहिलेलं होतं. चावडीवर ते त्याच्या डोळ्यांपुढंच होतं.

धुकं विरल्यावर पारखी चावडीवर गेला. बाई आणि तिचे सासरेही होते. त्यानं सगळ्यांसमोर गळपट्टी उलटी केली.

"हा ठसा माझा," तो म्हणाला. "रंगही मीच फासला होता. हिचा डगला मी वाचला तो बरोबर वाचला, पण ज्याचा वाचला तो माणूस वेगळा. या बाईला मी माझ्या लबाडीची शिक्षा दिली."

चावडीवर कुणी हसलं नाही. पाटलांनी मेहुण्याला त्याच दिवशी खाली बोलावलं आणि घंटा बाईच्या हाती दिली.

पारख्यानं अंगातला आपला चांगला डगला उतरवून तिच्यापुढं धरला. "हा तू घाल. तो मला दे. त्यावरचे डाग माझे आहेत, ते मीच वागवायला हवेत."

बाईनं झालेलं मनात ठेवलं नाही. पण मामंजींच्या छातीत शिरलेली थंडी काही निघाली नाही. छपराखाली त्यांना एवढा एकच हिवाळा मिळाला. पारखी दर आठवड्याला लाकडाची मोळी घेऊन वर जात असे. त्यांच्या जाण्यानंतरही जात राहिला.

ठसा त्यानं मोडून टाकला. बाजारात तो पुन्हा बसला, तोच झिजक्या पाठीचा डगला घालून. नवं गिऱ्हाईक विचारी, "स्वतः पारखी, आणि असा डगला?" तेव्हा तो हातातलं काम थांबवून पहिल्यापासून सगळी हकिगत सांगे, स्वतःला कुठंही न वाचवता. त्यानंतरच फडकं ओलं करी.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: आपण झाकलेला डाग पुढं कुणा निरपराधाच्या अंगावर उमटतो.