गाडी चोरीची कशावरून?

मिरजेच्या निवृत्त पीटी शिक्षिका कुमुदिनीबाई घोरपडे आपल्या जुनाट मोटरसायकलवरून नेपाळ बघून परत निघाल्या होत्या. वाटेत एका माकडाने त्यांची पिशवी पळवली आणि गाडीच्या कागदांसकट दरीत फेकली. सीमेवरच्या नाक्यावर साहेबांनी मिशीला पीळ देत त्यांना अडवलं.

"कागद नाहीत, म्हणजे गाडी चोरीची! जप्त!"

बाईंचा आवाज वर्गातलाच राहिला. "करा जप्त. फक्त चालू करून आत न्या."

साहेबांनी दहा किका मारल्या, वीस मारल्या. टोपी पडली, नडगी सोलली, पण गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. मग बाईंनी गाडी डावीकडे कलती केली, टाकीवर दोन धपाटे घातले आणि हलकीशी किक मारली. गाडी धडधडू लागली.

"ही युक्ती चोरालाही जमेल," साहेब धापा टाकत म्हणाले.

"अहो साहेब, मी चोर असते, तर सुरू होणारी गाडी नसती का चोरली?"

शिपाई तोंड फिरवून हसू लागले. साहेबांनी नडगी चोळत आडवा बांबू वर करायला सांगितला.

"जा बाई लवकर! पण माझ्या नाक्यावर बंद पाडू नका!"