सगळ्यांचंच काम पहिलं

खूप खूप वर्षांमागे, एका बलाढ्य राजधानीच्या तटाबाहेर एक लहानसं नगर वसलेलं होतं. उजाडलं की अर्धं नगर कामधंद्यासाठी राजधानीत जाई आणि दिवेलागणीला थकूनभागून परत येई. त्यामुळे नगराच्या स्वतःच्या कामांना हात कायम कमी पडत. हौस मात्र राजधानीची! तिकडे कमान उभी राहिली की इकडे कमान हवी, तिकडे रस्त्यांवर दिवे लागले की इकडेही हवेत.

म्हणूनच तिथे एक जुनी रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला नगराच्या कारभाऱ्याने वर्षातलं सगळ्यात निकडीचं काम ठरवायचं आणि त्या जागेवर पिवळं निशाण रोवायचं. ते काम पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कामाला कुणी कुदळ लावायची नाही. एक निशाण, एक काम. ते झालं की निशाण पुढच्या कामावर.

एका वर्षी जुने कारभारी वयोमानाने घरी बसले आणि नगराने एका तरुण मुलीला कारभारीण केलं. मुलगी शिकलेली, कष्टाळू, मायाळू. पण तिला कुणाचा चढलेला आवाज सोसत नसे. अंगणातून कुणी नुसतं "आहात का घरात?" असं विचारलं तरी ती दचकून उठे. आपलं काही चुकलं तर नाही ना, हा तिचा पहिला विचार.

यंदाचं निकडीचं काम कोणतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिलाच काय, सगळ्या नगराला ठाऊक होतं. नगराच्या वरच्या अंगाला एक तळं होतं आणि त्याच्या मातीच्या बांधाला मोठी भेग गेली होती. येणारे-जाणारे ती भेग बघत, "यंदा हे करायलाच हवं बरं का," म्हणत आणि पुढे जात. दरवर्षी होळी झाली की राजधानीवाले आपला मोठा तलाव गाळ काढण्यासाठी रिकामा करत. ते सगळं पाणी ओढ्यावाटे या तळ्यात येई. बांधाच्या अगदी पायथ्याशी होती खालची आळी.

आणि खालच्या आळीत राहत होती कारभारणीची आत्या. आई गेल्यावर तिनेच हिला लहानाचं मोठं केलं होतं.

इथेच तर सगळं अडत होतं. 'मी बांधावर निशाण रोवलं तर लोक म्हणतील, आली तशी आत्याचं घर सांभाळायला लागली!' या विचारानं कारभारणीला घास गोड लागेना.

पाडवा जवळ आला तशी माणसं येऊ लागली. पहिले आले बाजारपेठेतले कापडशेठ.

"कारभारीणबाई, बाजाराला कमान हवी. राजधानीतली गिऱ्हाइकं आपल्याकडे बघून नाकं मुरडतात. जुने कारभारी ऐकायचे हो आमचं! तुम्ही नाही म्हणालात तर मग बघावं लागेल."

काय बघावं लागेल, हे शेठनी सांगितलं नाही. पण कारभारीण लगबगीने उभी राहिली. "नाही नाही, शेठ, तुमचंच काम पहिलं," ती म्हणाली.

मग वरच्या आळीतल्या बायका आल्या. "आमची माणसं अंधारात ठेचकाळत घरी येतात, आम्हाला रस्त्यावर दिवे हवेत. तू बाई असून तुला कळू नये?"

"कळतं ना, काकू. तुमचंच पहिलं."

पैलवान आला आणि आखाड्याची मागणी करून गेला. त्याचा आवाज मुळातच मोठा. तो "राम राम" म्हणाला तेव्हाच कारभारीण अर्धी हो म्हणून बसली होती.

आत्याही एकदा येऊन गेली. लाडू ठेवले, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती सुकलीस गं! जेवतेस ना वेळेवर?" बांधाचं तिनं नावही काढलं नाही.

पाडव्याला चावडीपुढे सगळं नगर जमलं. निशाण हातात घेऊन कारभारीण ओट्यावर उभी राहिली. समोर कापडशेठ मिशीला पीळ देत होते. वरच्या आळीतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. पैलवान हाताची घडी घालून बघत होता. मागे कुठेतरी आत्या हसत होती. कारभारीण निशाणाची काठी या हातातून त्या हातात घेत राहिली.

"अहो, बोला की लवकर! दिवाळी संपायची अशानं!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तेवढ्यात शिंपी पुढे झाला. "एवढा विचार कसला करता, ताई? निशाण चांगलं लांबरुंद आहे. आणा इकडे, चार करून देतो!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. कारभारणीच्या छातीवरचं ओझंच उतरलं. कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही! शिंप्याने तिथल्या तिथे कात्री चालवली आणि एक निशाण कमानीवर, एक दिव्यांवर, एक आखाड्यावर आणि एक बांधावर लागलं. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

कामं जोरात सुरू झाली. बांधाची भेग नुसती वरून लिंपून भागत नाही. आधी फुटलेली माती खोलवर उकरून काढायची, मग काळी चिकणमाती थराथराने भरून जड धुम्मसाने ठोकून घट्ट बसवायची. माणसांनी उकरायला घेतलं. निम्मं उकरून झालं तोच कापडशेठ तणतणत आले.

"आमच्या कमानीला माणसं नाहीत! पहिलं काम आमचं ना? शब्द दिलात तुम्ही!"

"हो हो, शेठ, देते," कारभारीण घाबरून म्हणाली आणि बांधावरची माणसं कमानीकडे गेली. कमानीचे खांब उभे राहतात न राहतात तोच वरच्या आळीतून ओरड झाली, म्हणून माणसं तिकडे गेली. तिथे खांब रोवून झाले, दिवे बसायचे राहिले, कारण पैलवानाने चावडीवर येऊन दंड थोपटले. ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे माणसं. ज्याने गप्प राहावं, त्याचं काम उद्यावर. आणि बांध तसाच उकरलेला पडून राहिला. आता तो नुसता भेगाळलेला नव्हता, तर अर्धा पोकळ झाला होता. कारभारीण त्या वाटेने जायचंच टाळू लागली.

होळी झाली. एके सकाळी राजधानीतून स्वार आला. "तलावाचे दरवाजे उघडले आहेत. संध्याकाळपर्यंत पाणी तुमच्याकडे पोचेल," एवढं सांगून तो निघून गेला.

कारभारीण चावडीवर धावली, तर तिथे आधीच भांडण जुंपलेलं. गवंडी कमानीवर की आखाड्यावर, यावरून कापडशेठ आणि पैलवान हमरीतुमरीवर आले होते.

"सगळी कामं बंद करा!" ती म्हणाली. आवाज इतका कापत होता की कुणाला ऐकूच गेला नाही. तिने डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "बंद करा म्हणते ना! पाणी येतंय. सगळ्यांनी बांधावर चला!"

सगळे तिच्याकडे वळले. मग कापडशेठ छद्मी हसले. "अखेर आत्याचं घर आठवलं म्हणायचं!"

ज्या शब्दांना ती इतके महिने भ्यायली होती, ते शब्द आज समोर येऊन उभे राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती म्हणाली, "हो, आठवलं. आणि आत्याच्या शेजारची सगळी घरंही आठवली. हे मी पाडव्यालाच म्हणायला हवं होतं. आता बोलायला वेळ नाही, शेठ. तुमच्या कमानीचे दगड हवेत मला."

शेठचा चेहरा पडला. पण गवंडी केव्हाच दगड उचलायला लागले होते. खालच्या आळीतली म्हातारीकोतारी आणि लहान मुलं उंचावरच्या देवळात नेली. बाकी सारं नगर बांधावर लोटलं. कुणी दगड टाकत होतं, कुणी चिखल तुडवत होतं. पैलवान एकटा दोघांची माती वाहत होता. मात्र जे काम महिनाभर सावकाश करायचं, ते एका दिवसात कसं व्हावं?

दिवस कलला आणि पाणी आलं. बांध बराच वेळ तग धरून राहिला. मग एका कडेने माती सुटली आणि पाण्याचा लोंढा खालच्या आळीत शिरला. कमानीच्या दगडांनी मधला भाग धरून ठेवला, म्हणून अर्धी आळी वाचली. अर्धी वाहून गेली. माणसं मात्र सगळी सुखरूप होती. आत्याचं घर गेलेल्यांत होतं.

कारभारीण चिखलाने माखलेली देवळात आली आणि आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. "आत्या, मला माहीत होतं गं. सगळं माहीत असून मी दुसऱ्यांचं आधी केलं."

आत्या तिच्या केसांतला चिखल काढत म्हणाली, "तू ज्यांना घाबरलीस, त्यांचं आधी केलंस. आमची चूक एवढीच झाली, पोरी, की आम्ही तुला घाबरवलं नाही."

यापेक्षा ती रागावली असती तर कारभारणीला बरं वाटलं असतं.

पावसाळ्याआधी बांध पुरा झाला. घरं गेलेली माणसं मात्र अजून दुसऱ्यांच्या ओसरीवरच राहत होती. पुन्हा दिवाळी तोंडावर आली आणि कापडशेठ पुन्हा कारभारणीच्या घरी आले.

"यंदा तरी कमान पहिली ना?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

कारभारणीने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. "नाही, शेठ. यंदा खालच्या आळीतली घरं."

"आणि आमची कमान?"

"ती यंदा होणार नाही. 'बघू' म्हणाले असते, पण ते खोटं झालं असतं."

शेठ पाण्याच्या तांब्याला हातही न लावता उठले. "बघतोच मग," म्हणाले आणि त्यांनी जाताना दार असं आपटलं की भिंत हादरली. कारभारीण दचकून उभी राहिली. त्यांच्यामागे धावत जावं, हात जोडावेत, काहीतरी गोड बोलावं, असं तिला फार फार वाटलं.

ती गेली नाही. खाली बसली आणि तो तांब्या उचलून स्वतःच पाणी प्यायली.

तात्पर्य घ्यायचं ते असं: जो भीतीपोटी सगळ्यांना "तुमचंच पहिलं" म्हणतो, तो गप्प बसणाऱ्यांना शेवटी ठेवतो. निकडीचं काम ठरवायचं तर कुणाला तरी "नाही" म्हणावंच लागतं, आणि ते वेळेवर म्हणावं लागतं.