तबकातला विडा

फार पूर्वी कुंभवती नगरीत कालसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका तांबोळ्याच्या घरी जन्म घेतला. मोठेपणी तो राजवाड्यात विडे लावण्याच्या कामाला लागला.

हा राजा मोठा सोवळा. ‘मारा’ हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. भर दरबारात तो तबकात विडा ठेवी, एक नाव घेई आणि गप्प बसे. जो विडा उचलून खाईल, त्याने त्या माणसाला संपवायचे. राजा नामानिराळा! विडा उचलणारा मात्र नेहमी एकच असे, राजाचा हस्तक दृढक.

एकदा बोधिसत्त्वाने त्याला विचारले, “दृढका, इतकी माणसं मारलीस. काहीच वाटत नाही?”

“मी कोण मारणारा, बाबा? मी नुसता विडा उचलतो.”

त्या दिवशी विडा लावताना बोधिसत्त्वाच्या मनात आले, मग मीही नुसता विडा लावतो. त्याला स्वतःच्या बोटांची शिसारी आली. तरी त्याने तो विडा लावला, आणि पुढे वर्षभर लावत राहिला. पोट कोणाला चुकले आहे?

मग एका सकाळी दृढक पानांच्या टोपलीपाशी येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

“बाबा, आज सोमिल नावाड्याचं नाव निघणार. भर पुरात राजाच्या मेहुण्याला पार न्यायला तो नाही म्हणाला. लहानपणी मी बुडत होतो, तेव्हा त्यानंच मला केसाला धरून बाहेर ओढलं. आज विडा लावू नका. तबकात विडाच नसेल तर मला उचलावा लागणार नाही.”

“विडा असला तरी नाही म्हणता येतं.”

“मला नाही येत,” दृढक म्हणाला.

बोधिसत्त्वाने दरबारात रिकामे तबक ठेवले. “महाराज, या हातांनी पुष्कळ जीव घेतले. यापुढे मी विडा लावणार नाही.”

राजा रागावला नाही. त्याने स्वतः एक पान घेतले, वेडेवाकडे दुमडले, लवंगसुद्धा टोचली नाही. ते तबकात ठेवून त्याने नाव घेतले, ते तांबोळ्याचे.

बोधिसत्त्वाने दृढकाकडे पाहिले. दृढकाने मान खाली घातली, पण त्याचा उजवा हात सवयीने पुढे झाला.

वधस्थानाकडे जाताना विडा अजून त्याच्या मुठीतच होता.

“अजून खाल्ला नाहीस,” बोधिसत्त्व म्हणाला. “टाकून दे.”

“टाकला तर उद्या माझ्या नावाचा विडा दुसरा कोणी उचलेल.”

“उचलेल. तरी टाक.”

दृढक रडू लागला. रडत रडतच त्याने विडा खाल्ला.

दुपारपर्यंत राजाला नवा तांबोळी मिळाला. दुसऱ्या दिवशी सोमिलाचे नाव निघाले. तोही विडा दृढकानेच उचलला.

ही कथा सांगताना भगवान बुद्ध इथे थांबले, तेव्हा एका भिक्षूने विचारले, “भगवन्, मग त्या नकाराने कोण वाचलं?”

“कोणीही नाही,” भगवान म्हणाले. “तो तांबोळी मी होतो, आणि माझा नकार वर्षभर उशिरा आला. सोमिल म्हणजे हा माझ्या शेजारी बसलेला तरुण भिक्षू. तो राजा आज कोण आहे, ते सांगत नाही. विडा उचलणारे हात मिळतात तोवर तो जन्म घेतच राहील. तांबोळ्याचा नकार ही अधिष्ठान पारमिता, म्हणजे शेवटपर्यंत धरलेला निश्चय. फळ दिसत नसतानाही ती पाळायची असते.”

“आणि दृढक?” मागून एका म्हाताऱ्या भिक्षूने विचारले. प्रव्रज्या घेतल्यापासून तो उजवा हात चीवराखाली झाकून बसे. का, ते त्यालाही माहीत नव्हते.

भगवानांनी त्या झाकलेल्या हाताकडे पाहिले आणि म्हणाले, “हात बाहेर काढ, बाळ.”

त्याला तो काढता येईना.