‘हिम्मत रखिए’ कसं म्हणावं

“‘रखिए’ म्हणू की ‘रखें’? व्याकरणानं दोन्ही चालतं, बाबा.”

केशवदास बाबा डाळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“तोंडाला कोणतं सोपं जातं?”

“रखिए.”

“मग तेच म्हणा.”

विचारणारे होते पाटणकर गुरुजी. मिरजेच्या एका शाळेत चौतीस वर्षं हिंदी शिकवून निवृत्त झालेले. हिंदीत कुणाशी कसं अदबीनं बोलावं यावर त्यांनी एक छोटी पुस्तिकाही लिहिली होती. पत्नी गेल्यानंतर वर्षभरानं ते नर्मदेकाठी सेमलघाटला आले आणि बाबांच्या आश्रमात राहू लागले. त्यांना दीक्षा हवी होती.

बाबा मूळचे बऱ्हाणपूरकडचे. मराठी आणि हिंदी, दोन्ही सारख्याच सहजपणे बोलत. दोन्ही कमीच बोलत.

सेमलघाटाला काठाची वाट कड्यापाशी संपते. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना तिथं चौसष्ट उंच पायऱ्या चढून वर आश्रमात यावं लागतं आणि मग पुढं जावं लागतं. शेकडो कोस चालून आलेल्या पायांना त्या पायऱ्या जड जातात.

दीक्षेचा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले होते, “घाटाच्या माथ्यावर बसा. येईल त्याला पाणी द्या. आणि ‘हिम्मत रखिए’ म्हणा.”

“आणि मंत्र?”

“हेच.”

गुरुजी कामाला लागले. माथ्यावरच्या चिंचेखाली खुर्ची टाकली, शेजारी पाण्याचा माठ ठेवला. खाली कुणी दिसलं की खणखणीत आवाजात म्हणायचे, “हिम्मत रखिए.”

लोक वर बघायचे. चढून यायचे. पाणी प्यायचे, ‘नर्मदे हर’ म्हणायचे आणि पुढं निघून जायचे.

पंधरा दिवसांनी गुरुजी बाबांपुढं येऊन बसले.

“दोनशेच्या वर लोकांना सांगितलं, बाबा. एकही थांबून दोन शब्द बोलला नाही. माझा उच्चार चुकतोय का?”

“छे. इतका शुद्ध उच्चार या घाटानं कधी ऐकला नसेल.”

गुरुजी सुखावले. बाबा पुढं काहीतरी बोलतील म्हणून थोडा वेळ थांबले…

बाबांनी डाळीचं सूप पुढं ओढलं.

माघातली एक दुपार. पंचविसाव्या-तिसाव्या पायरीवर एक बाई बसली होती. पन्नाशी उलटलेली. पांढरं लुगडं, पाठीवर गाठोडं, पावलांना चिंध्या गुंडाळलेल्या. बराच वेळ झाला तरी ती उठेना.

“माताजी, हिम्मत रखिए,” गुरुजी वरून म्हणाले.

बाईनं मान वर केली.

“रखी थी, भैया,” ती म्हणाली. “खर्च हो गई.”

 चौतीस वर्षांत अशा वाक्याला असं उत्तर गुरुजींना कुणी दिलं नव्हतं.

“फिर भी… हिम्मत रखनी चाहिए.”

“जी,” ती म्हणाली. शाळेत मास्तरांना म्हणावं तसं. आणि पुन्हा नदीकडं बघत बसली.

गुरुजी आत गेले. “बाबा, एक बाई खाली बसलीय. ऐकत नाही.”

“काय ऐकत नाही?”

“मी सांगितलेलं.”

बाबांनी भिंतीशी उभी असलेली काठी घेतली.

गुरुजी घाबरले. बाबांचा उजवा गुडघा गेलेला होता. दोन वर्षं ते घाट उतरले नव्हते. त्यांच्या अंघोळीचं पाणी गावातली माणसं वर आणून देत. तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उतरलात तर चढणं होणार नाही.

“तुम्ही नका जाऊ, बाबा. मी जातो.”

“तुम्ही आत्ता जाऊन आलात ना?”

“नाही… वरूनच बोललो.”

बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग ते निघाले.

एक पायरी. काठी. दुसरी पायरी. काही ठिकाणी बसून, हातांवर भार देऊन ते खाली सरकले. मागून गुरुजी पाण्याचा तांब्या घेऊन.

बाई बसली होती तिच्या खालच्या पायरीवर बाबा बसले. दम खात होते. 

नावाडी एक नाव पलीकडच्या काठाला लावत होता. तिघंही ते बघत राहिले.

“कहाँ से, माताराम?” बाबांनी विचारलं.

“सागर जिले से.”

“अकेली?”

“टोली आगे निकल गई. मैंने ही कहा, जाओ.”

तिचं नाव फूलमती. परिक्रमेचा नवस नवऱ्याचा होता. आश्विनात तो वारला. त्याच्या वाटची परिक्रमा ती चालत होती. आता पाय उललेत, रात्री ताप चढतो. उद्या सकाळी सडकेवर जाऊन घरची बस धरायची, असं तिनं ठरवलं होतं.

“बस में बैठी, तो परिक्रमा टूटी,” ती म्हणाली. “टूट जाए.”

गुरुजींना वाटलं, आता बाबा काहीतरी सांगतील. नवसाबद्दल, मैयाबद्दल, गेलेल्या माणसाच्या आत्म्याबद्दल.

“हाँ,” बाबा म्हणाले. “पाँव तो आपके हैं.”

फूलमतीबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं.

मग बाबा उठायला गेले… आणि उठता येईना.

 चेहरा पांढरा पडला. ते पुन्हा मट्‌कन खाली बसले. गुरुजी तांब्या ठेवून पुढं धावले. बाबांनी तळहात उभा धरून त्यांना जागीच थांबवलं.

“माताराम,” बाबा म्हणाले, “घुटना जवाब दे गया. मुझे ऊपर तक… ले चलेंगी?”

बाई क्षणभर बसून राहिली. मग तिनं पदरानं हात पुसले, गाठोडं गुरुजींच्या हातात दिलं आणि कण्हत उभी राहिली. बाबांचा हात तिनं आपल्या खांद्यावर घेतला.

दोघं निघाले.

एका पायरीवर ती आधी पाय ठेवायची. थांबायची. बाबांचा पाय आला की मग पुढची. आठ पायऱ्या चढून बाबा थांबले, तेव्हा तीही थांबली. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत तिनं पाऊल उचललं नाही. मग त्यांच्या कानाशी वाकून, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं इतक्या हळू आवाजात म्हणाली,

“हिमत रखिए, बाबा. आ ही गए हैं.”

दोन पायऱ्या खाली गाठोडं घेतलेले गुरुजी जागच्या जागी उभे राहिले.

शब्द तेच होते. उच्चार तर त्यांच्याइतका शुद्धही नव्हता; ती ‘हिम्मत’चं ‘हिमत’ करत होती. पण बाबांनी मान डोलावली आणि पाय उचलला.

पुढं तिनं ते आणखी चार-पाच वेळा म्हटलं. दर वेळी तितक्याच हळू. एकदा नुसतं “हिमत…” म्हणाली आणि पुढचं राहूनच गेलं.

माथ्यावर आल्यावर गुरुजींनी आपली खुर्ची पुढं केली. ती खुर्चीत बसली नाही, चिंचेच्या बुंध्याशी टेकली. मग तिनं आपल्याच पायांकडं पाहिलं, खालच्या घाटाकडं पाहिलं आणि तिला हसू आलं.

“लो, मैं भी आ गई.”

बाबांनी दोन्ही हात जोडले. “आपकी बड़ी कृपा, माताराम.”

ती संकोचून उठू लागली. “क्या कहते हो बाबा…”

“बैठिए,” बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या दिवशी दिवेलागणीला गुरुजी बाबांच्या खोलीत आले. बराच वेळ दाराशी उभे राहिले.

“बाबा… माझी पत्नी शेवटी बारा दिवस दवाखान्यात होती.”

बाबा ऐकत होते.

“मी रोज संध्याकाळी जायचो. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचो. ‘धीर धर’ म्हणायचो. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली की निघायचो. पलंगाशेजारी स्टूल होतं. मी कधी बसलो नाही. एकदा ती म्हणाली, बसा ना थोडं. मी म्हणालो, उद्या बसतो…”



बाबांनी कोनाड्यातली तेलाची वाटी त्यांच्याकडं सरकवली आणि पाय पुढं केला.

“जरा चोळता?”

गुरुजी जमिनीवर बसले. सुजलेला गुडघा दोन्ही हातांत घेतला आणि तेल लावू लागले. अर्धा-पाऊण तास ते चोळत होते.  मध्येच केव्हातरी गुरुजींचे अश्रू बाबांच्या पायावर पडले. तेही तेलाबरोबर चोळले गेले.

उठताना त्यांना हलकं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून चिंचेखालची खुर्ची रिकामी राहू लागली. गुरुजी माठ घेऊन अर्ध्या घाटावर जाऊन बसत. कुणी थकून टेकलं की शेजारी बसत. कुठून आलात, पाय कसे आहेत, विचारत. मग त्याचं ओझं घेऊन बरोबर चढत. कधी ‘हिम्मत रखिए’ म्हणायचं विसरूनही जात.

एकदा तर घाईत “हिम्मत ठेविए” असं अर्धं मराठी तोंडून निघालं. तो म्हातारा परिक्रमावासी इतका हसला की उरलेल्या पायऱ्या हसतच चढला. गुरुजींनी ही गोष्ट स्वतः बाबांना सांगितली. सांगताना तेही हसत होते.

फूलमतीबाई तीन दिवस राहिल्या. गावातल्या नर्सबाईंनी पाय धुऊन पट्ट्या बांधल्या, गोळ्या दिल्या. ताप उतरला. बसचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्या गाठोडं बांधून उभ्या राहिल्या. बाबांना नमस्कार केला. मग गुरुजींपुढं येऊन थांबल्या.

“मास्टरजी,” त्या म्हणाल्या, “आप भी हिमत रखिए.”

त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पण तीन दिवस गुरुजी त्यांना जेवायला वाढत होते. तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं असेल.

गुरुजींनी हात जोडले. आदरानं उत्तर कसं द्यावं यावर त्यांनी पुस्तिकेत चार पानं लिहिली होती. आत्ता त्यांच्या तोंडून एवढंच आलं…

“जी.”

त्या वळल्या आणि नदी उजव्या हाताला ठेवून चालू लागल्या. कडा वळेपर्यंत गुरुजी बघत होते.

ज्येष्ठात एक परिक्रमावासी निरोप घेऊन आला. सागरकडची एक बाई त्याला ओंकारेश्वरी भेटली होती. तिची परिक्रमा पूर्ण झाली होती. नवऱ्याच्या नावानं तिनं शिऱ्याच्या प्रसादाची कढई केली, कुमारिकांना जेवू घातलं आणि सांगितलं होतं, सेमलघाटच्या बाबांना आणि मास्टरजींना राम-राम सांग. त्यांचे उपकार आहेत.

बाबांनी डोळे मिटून नदीच्या दिशेनं हात जोडले. गुरुजींनीही जोडले.

तो माणूस जेवून पुढं निघून गेला. दोघंच ओसरीवर बसले होते. गुरुजींच्या मनात चार महिने एक प्रश्न होता. आज त्यांनी तो विचारला.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही एवढं खाली उतरलात. स्वतःला चढता येणार नाही हे ठाऊक असून.”

“हं.”

“आणि ती उठलीच नसती तर?”

बाबांनी थोडा विचार केला.

“तर आम्ही दोघं खाली बसलो असतो.”