गवंड्याच्या टाकीला आलेली भरती

एका गावात एक गवंडी राहत होता. नाव तुळशीराम. गावातल्या निम्म्या भिंती त्याने उभ्या केल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांना तो येता-जाता नावं ठेवायचा.

अशा ह्या कारागिराच्या घरी पाणी मात्र गंजक्या पिंपात साठायचं. भात पिवळा शिजायचा. बायको यसाबाई म्हणायची, आळीत सगळ्यांच्या छपरावर प्लॅस्टिकची काळी टाकी आली, आपणही आणू. गवंड्याला हे फार लागायचं. शेवटी त्याने पिंप भंगारात दिलं आणि न्हाणीघरावर स्वतःच्या हाताने विटा-सिमेंटची टाकी बांधली. आतून गिलावा असा घोटला, की मुंगी चढली असती तर घसरून पडली असती.

त्याच दिवसांत शाळेलाही टाकी हवी होती. गुरुजींनी पारावर जाहीर करून टाकलं, की तुळशीरामाची टाकी चार दिवस पाणी धरून राहिली तर शाळेचं काम त्याला, नाहीतर आपण प्लॅस्टिकची आणू.

आता नव्या टाकीची परीक्षा कशी घेतात, हे ठाऊक नसेल तर सांगतो. ठाऊक असेल तरी ऐका. टाकी भरायची, पाणी टेकतं तिथे आतून खिळ्याने रेघ मारायची, वर झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं. पाणी रेघेखाली उतरलं की टाकी गळकी. तुळशीरामाने चार माणसांसमोर रेघ मारली, झाकण ठेवलं आणि पाचव्या दिवसापर्यंत आपण त्याला हात लावणार नाही, असं मिशीला पीळ देत सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी अर्धं गाव शिडीखाली जमलं. कामं कुणाला होती म्हणा! आधी गुरुजी चढले. बराच वेळ आत बघत राहिले. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं.

खाली गलका उडाला. टाकी गळत तर नाहीच, उलट पाणी वाढवते! एका आजोबांनी तिथेच जोडे काढले. एकजण नारळ आणायला पळाला. एका बाईने तीर्थासाठी तांब्या पुढे केला. गुरुजींनी खाली उतरून गवंड्याची पाठ थोपटली आणि शाळेचं काम देऊनही टाकलं.

तुळशीराम शिडी चढला. त्याने पाणी पाहिलं, मग खाली बायकोकडे पाहिलं. यसाबाई पदराचं टोक पिळत उभी होती. त्या घटकेला त्याने नुसती मान डोलावली असती, तरी काम त्याचंच होतं.

"गुरुजी, पाणी आपणहून चढत नसतं," तो वरूनच म्हणाला. "कुणीतरी ओतलंय. आणि ओतावं लागलं, म्हणजे माझी टाकी गळते."

मग यसाबाई बोलली. काल संध्याकाळी तिला राहवलं नाही. झाकण उचलून बघते, तर पाणी तीन बोटं उतरलेलं. "तुमचं हसं होऊ नये म्हणून सात हंडे ओतले," ती म्हणाली. "अंदाज जरा चुकला."

"अगं, ओतायचंच होतं तर रेघेपाशी थांबायचं. लबाडीसुद्धा तुला मापात जमेना."

गाव पोट धरून हसलं. जोडे काढलेले आजोबा जोडे घालताना सगळ्यात मोठ्याने हसले. तुळशीरामाने हसू दिलं. सगळ्यांच्या देखत टाकी रिकामी केली, तोटीपाशी पाझर सापडला तेवढा भाग फोडला आणि तिथेच सिमेंटचा नवा माल कालवायला बसला.

गुरुजी जाता जाता थांबले. "प्लॅस्टिकवाल्याच्या मालात म्हणे एकही खोट नाही," ते म्हणाले. "आपली खोट स्वतः सांगणारा तूच एकटा भेटलास. शाळेची टाकी तूच बांध."

त्याने बांधली. परीक्षेच्या दिवशी शेजारच्या दोन गावांतली माणसं बघायला आली. पाणी रेघेला नेमकं टेकलेलं, केसभरही इकडे तिकडे नाही. तुळशीराम आपली थापी धुवत बसला. बोलत होती ती यसाबाई. मान ताठ करून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "ह्यांनी बांधलीय. आणि मी पाण्याला बोटसुद्धा लावलेलं नाही."

तात्पर्य एवढंच, की ज्याला आपल्या कामाचा खरा अभिमान असतो, तो त्यातली गळती लोकांच्या आधी स्वतः सांगतो. आणि नवऱ्याची अब्रू राखायला निघालेल्या बायकांनी पाणी बेताने ओतावं.