बिल्डिंगभर सांगणारा वकील

दिराच्या थकलेल्या कर्जाची वसुली करणाऱ्या वकिली फर्मचा साबळे मलाच फोन करायचा. मी जामीनदार नव्हते, तरी बाळाला पाजतानाही त्याचं निमूट ऐकून घ्यायचे. एवढं शिकून काय उपयोग?

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू चालू असतानाच तो कडाडला, “आज पैसे भरा, नाहीतर पोलीस आणतो आणि बिल्डिंगभर सांगतो!”

माझं डोकंच फिरलं. मी फोन स्पीकरवर टाकला.

“सांगा की! बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका इथेच बसल्यात. आधी तुमचा वकिलीचा सनद नंबर सांगा, मग माझी सही कुठल्या कागदावर आहे ते सांगा, आणि पोलिसांची धमकी पुन्हा द्या. तक्रारीला मला साक्षीदार हवेच होते.”



“बोल की मेल्या!” शेजारच्या खैरमोडेकाकू गरजल्या. “तिळगूळ आम्ही खाल्लाय, तुझी का दातखीळ बसली?”