विमानातून बदलून आलेला

खेळण्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. पाटणेमास्तरांच्या रिमोटच्या ट्रकचा स्पीड कंट्रोलर जळाला. मास्तरांनी मोडक्या खेळण्यातल्या विमानातला जुना कंट्रोलर काढून त्याच्या जागी बसवला. मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणं, एवढंच त्याचं काम. पण आल्याआल्या तो सांगू लागला, "आम्ही ढगांत काम केलेलं आहे."

मोटरने विचारलं, "साहेब, ट्रकला मागेही घ्यावं लागतं. तुम्हाला जमतं ना?"

"आमच्याकडे तशी पद्धत नव्हती," कंट्रोलर म्हणाला. "विमान मागे जात नाही. ती वेळ जमिनीवरच्या लोकांवर येते."

मोटर मुकाट्याने आपल्या कामाला लागली. अनुभवी माणसापुढे बोलू नये, असं तेव्हाही मानत.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर धावताना ट्रक जिन्याच्या तोंडाशी आला आणि त्याची पुढची चाकं अधांतरी लटकली. खाली अठरा पायऱ्या होत्या. मास्तरांनी रिमोटची कळ मागे ओढली.

"साहेब, जरा मागे," ट्रक हळूच म्हणाला. "माझी पुढची चाकं मागच्याच महिन्यात बदललीत."

कंट्रोलरने तो हुकूम बाजूला ठेवला. मास्तरांनी घाबरून कळ मागे-पुढे केली, तेव्हा त्यातला पुढे जाण्याचा भाग त्याने तत्परतेने अमलात आणला.

ट्रक अठराव्या पायरीपर्यंत पोचला. त्याचे भाग वेगवेगळे पोचले.

कंट्रोलर मात्र शाबूत निघाला. हल्ली तो भंगाराच्या डब्यात असतो आणि नव्याने येणाऱ्या स्क्रूंना सांगतो, "आम्ही होतो तेव्हा ट्रकसुद्धा उडाला."